सात नंबरला सोडा

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवाणखान्यात पतंग आहे. एक टोक शिवणयंत्राखाली, दुसरं स्वयंपाकघराच्या दारात, आणि मधोमध माझी खुर्ची, जिथपर्यंत मला पोचता येत नाही. भाची त्यावर पालथी पडून शिवणी तपासते आहे. बत्तीस वर्षांची बाई, इंजिनिअर, दोन पदव्या. मी पाऊल उचललं तर ओरडली, "मावशी, चप्पल!" माझ्या घरात, मला.

"अगं पण तुमच्या कंपनीला गोदाम नाही?"

"आहे ना. तिथे उंदीर आहेत."

म्हणजे मी उंदरांपेक्षा बरी. ठीक आहे.

मागच्या टेकडीवर यांचं यंत्र बसलं आहे. एक भलंमोठं रीळ, त्यावर बोटाएवढा जाड दोर, दोराच्या टोकाला हा पतंग. पतंग वर जाताना दोर ओढतो, रीळ फिरतं, वीज होते. दोर संपत आला की पतंग आडवा पाडून थोड्या विजेत परत ओढून घ्यायचा, आणि पुन्हा वर. दिवसभर हेच. खांब नको, पाती नकोत, तारा नकोत. जिथे वीज पोचत नाही अशा गरीब देशांसाठी म्हणे हा उत्तम उपाय. आमचं पठार त्या यादीत आहे हे वाचून मला कसंसंच झालं. पण खोटं कुठे आहे? तारा येणार, तारा येणार, हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे. आता निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कळलं की भाची माझ्याकडे निव्वळ मायेपोटी राहायला आलेली नाही.

यंत्र चालवायला ठेवली आहे गिरणीवाली. वरच्या आळीतली. डिझेल परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी तिची गिरणी बंद पडली, तेव्हापासून पठारावरच्या बायका डोक्यावर दळण घेऊन दोन तास खाली उतरतात आणि तीन तास वर चढतात. यंत्र वीज मंडळाच्या चाचणीत उतरलं तर ते इथेच राहणार, गिरणीला वीज मिळणार आणि गिरणीवालीला कायमची नोकरी. नाही उतरलं तर सगळं गुंडाळून दुसऱ्या कुठल्या तरी देशात. चाचणी सहा मार्चला. अट अशी की त्या दिवशी इंजिनिअरनं हात लावायचा नाही. स्थानिक माणसानं, स्थानिक भाषेतली पुस्तिका वाचून, एकट्यानं चालवायचं.

"आणि पुस्तिका इंग्रजीत आहे," भाची म्हणाली, आणि लहानपणी खाऊच्या डब्याकडे बघायची तशी माझ्याकडे बघायला लागली.

चौतीस वर्षं भाषांतर शाखेत काढली मी. शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदात चूक निघाली असं कोणी दाखवून द्यावं. हो म्हटलं. पण वाचल्यावर कळलं, मूळ इंग्रजीच धड नाही. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी असं वाक्य पाहिलं असतं तर लिहिणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस खपून पुस्तिका पुरी केली. चोवीस कलमं. भाचीनं उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'वायुवेगात आकस्मिक वृद्धी झाल्यास तत्काळ रज्जु-विमोचन करावे.' मावशी, हे काय आहे?"

"मराठी."

"कोणाचं?"

मी म्हटलं, शासनाचं. रज्जु म्हणजे दोर, विमोचन म्हणजे सोडणं; ते हिरव्या दांड्याचं. आणि 'आपत्कालीन विमोचन' वेगळं, ते लाल दांड्याचं, दोर तोडून टाकायचा तेव्हाचं. दोन क्रियांना दोन संज्ञा. काटेकोर.

ती हसत सुटली. पोट धरून, त्या पतंगावर लोळत. "गिरणीवालीला रज्जु-विमोचन? अगं ती चौथीपर्यंत शिकली आहे! सोपं लिही ना. सोपं!"

सोपं. जणू सोपं लिहायला अक्कल लागते आणि माझी संपली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सोपं हवं ना? घ्या सोपं.

सकाळी लाल पेन घेऊन बसले आणि सगळी विमोचनं कापली. रज्जु-विमोचनही गेलं, आपत्कालीन विमोचनही गेलं. जिथे जिथे विमोचन तिथे तिथे 'सोडा'. पोरंसुद्धा वाचतील. कलम सात: 'वारा अचानक वाढला तर ताबडतोब सोडा.' कलम नऊ: 'कुणाच्या जिवावर बेतलं तर सोडा.' एका जेवणाच्या वेळेत चोवीस कलमं झाली. भाचीनं वरवर पाहिलं आणि म्हणाली, "वा! बघ, जमतं की." तिला शहरात सुटे भाग आणायला जायचं होतं, बस चुकत होती.

जमतं की! नाकानं कांदे सोलावेत तर हिनंच.

संध्याकाळी रंगारी आला, यंत्रावरची नावं मराठीत रंगवायला. यादी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"बाई, हिरव्या दांड्याला एकीकडे 'ओढा', एकीकडे 'सोडा'. बरोबर. पण लाल दांड्यालाही 'सोडा'च आलंय."

"मग?"

"नाही, दोनदा आलंय म्हणून म्हटलं."

"तुम्ही अक्षरं रंगवता का संपादन करता?"

गेला बिचारा. या देशात प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामातलं जास्त कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाची अजून शहरातच. दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात गिरणीवाली आली. पन्नाशीची, उंच, हाताची बोटं पट्ट्याच्या कामानं वाकडी झालेली. पुस्तिकेला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेतल्या मुलीसारखं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"बाई, एक विचारू? सात नंबरला 'सोडा' म्हणजे हिरवा का लाल?"

मी म्हटलं, जे लिहिलंय ते वाचा.

"वाचलं. 'ताबडतोब सोडा.' ताबडतोब म्हटल्यावर मला वाटलं..."

"वाटायचं काय त्यात? भाषा सरळ आहे. परत एकदा वाचा, शांतपणे."

"आम्ही लहानपणी पतंग उडवायचो तेव्हा ढील म्हणायचो. ढील दे, ढील दे. तसं काही लिहिता आलं तर..."

"ही पुस्तिका आहे. गच्ची नाही."

ती 'बरं' म्हणाली आणि गेली. माझी झोप मात्र गेली ती गेलीच. सरळ सोपं लिहून दिलं तरी यांना कोणीतरी घास भरवायला हवा. रज्जु-विमोचन काय वाईट होतं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सराव झाला. मी टेकडीवर गेले होते, गुडघे नको म्हणत असताना. कबूल करायला हवं, पतंग वर गेला तेव्हा मी गुडघेही विसरले. मोठमोठे आठचे आकडे काढत होता, सिस्टर फळ्यावर काढायच्या तसे, खडू न उचलता. खाली रीळ घूं करत फिरत होतं. गिरणीवाली दांड्याशी उभी, बाजूला पुस्तिका उघडून तिच्यावर दगड ठेवलेला. वारा मंद. काही घडलं नाही, वारा वाढल्याचा भोंगा वाजला नाही, कलम सातपर्यंत वेळच आली नाही.

चार वाजता तिच्या गिरणीला वीज जोडली. दोन वर्षांनी पट्टा फिरला. बायका पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि काही कारण नसताना हसत होत्या. गिरणीवालीनं पहिलं पीठ चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि म्हणाली, "जाडंय." नुसतं एवढंच. मला ते आवडलं. कामाच्या माणसानं असंच बोलावं.

६ मार्च, गुरुवार

सत्यानाश.

मंडळाचे साहेब दहाला आले. दर वाक्याला 'तत्त्वतः' म्हणतात. तत्त्वतः चहा घ्यायला हरकत नाही, तत्त्वतः ऊन फार आहे. पुस्तिका चाळून माझ्याकडे वळून म्हणाले, "किती सोपी भाषा! तत्त्वतः हे प्रत्येक देशात असं व्हायला हवं." मी भाचीकडे पाहिलं. तिनं पाहिलंच नाही. हात पाठीमागे बांधून, ठरल्याप्रमाणे, वीस पावलं दूर उभी होती.

पाऊण तास उत्तम गेला. मग पठाराच्या कडेकडून वारा उठला. भोंगा वाजला. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला. गिरणीवालीनं पुस्तिकेकडे पाहिलं, बोट ठेवून एक ओळ वाचली. ओठ हलताना मला दिसले. आणि तिनं लाल दांडा खाली ओढला.

आवाज झाला, फट्. दोराचं टोक सापासारखं उसळलं आणि पतंग मोकळा झाला. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. तो टेकडी, वरची आळी, ओढा ओलांडून गेला आणि खडी केंद्राच्या पत्र्यांवर जाऊन फाटला. कुणाला लागलं नाही एवढंच.

गिरणीवालीचा हात अजून लाल दांड्यावरच. शेवटी साहेब म्हणाले, "तत्त्वतः..." आणि पुढचं वाक्य त्यांनाही सुचलं नाही.

भाचीनं पुस्तिका उचलली, एक पान उलटलं, बराच वेळ तिथेच थांबली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "मावशी, घरी चल. चहा करते." चहा! अशा वेळी!

७ मार्च, शुक्रवार

रात्रभर संताप. एक दांडा. एकच दांडा ओढायचा होता त्या बाईला, तोही हिरवा. अख्ख्या पठाराचं नशीब एका हातानं भिरकावून दिलं. वर विचारलं तर म्हणते, "लिहिलं होतं तसंच केलं." नाचता येईना अंगण वाकडं.

साहेबांनी अहवाल लिहायला मलाच सांगितलं, भाषा चांगली म्हणून. लिहिला. 'चालकाने पुस्तिकेतील स्पष्ट सूचनेकडे दुर्लक्ष केल्याने सदर अपघात घडला. सदर व्यक्ती यंत्र हाताळण्यास अपात्र आहे.' दोन वाक्यं, एक शब्द इकडे तिकडे करता येणार नाही. भाची म्हणाली, "मावशी, हे आजच द्यायला हवं का? चूक माझीही असेल. शिकवताना मीच 'रील आउट, रील आउट' करत राहिले, मराठी शब्द वापरलाच नाही."

"तू कशाला पदरात घेतेस? वाचता येतं म्हणाली होती ना ती?"

"वाचता येतं तिला," भाची म्हणाली. "नीट वाचता येतं."

काय म्हणायचं होतं तिला देव जाणे. अहवाल मीच साहेबांच्या गाडीत नेऊन दिला. गिरणीवालीनं खाली सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं. सही करण्याआधी पूर्ण वाचला. 'अपात्र'वर जरा थांबली.

१० मार्च, सोमवार

आज ती पुस्तिका परत करायला आली. "कंपनीची वस्तू आहे, इंजिनिअर ताई घरी नाहीत, तुमच्याकडे ठेवते." यंत्राची किल्लीही दिली. मी दारातच घेतली, आत या म्हटलं नाही. फाटकापाशी वळून म्हणाली, "दोरीला तेल लावायला सांगा त्यांना. उन्हानं कडक होते." मी म्हटलं, सांगेन.

दुपारी कव्हर काढून फेकावं म्हणून पुस्तिका उघडली. पानोपानी पेन्सिल. प्रत्येक कलमापुढे खूण. जिथे शब्द अडला तिथे त्याखाली रेघ आणि समासात अर्थ, बारीक, वाकड्या अक्षरात. एवढी तयारी माझ्या शाखेतल्या पदवीधरांनी कधी केली नाही.

कलम सातपुढे लिहिलं होतं:

'हि. का ला.? बाईंना विचारणे.'

त्याखाली:

'२० ता. विचारलं. परत वाचायला सांगितलं.'

आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशी लिहिलं असावं, पेन्सिल नवी टोकदार होती:

'परत वाचलं ४ वेळा. हिरव्यावर सोडा. लालवर पण सोडा. ताबडतोब लिहिलंय म्हणजे लाल असणार. बाईंची भाषा सरळ आहे.'

१२ मार्च, बुधवार

काही नाही.

१३ मार्च, गुरुवार

काल दिवसभर स्वतःला समजावलं. भाचीनं तपासायला हवं होतं. रंगाऱ्यानं ठामपणे सांगायला हवं होतं. साहेबांनी स्तुती करण्याआधी वाचायला हवं होतं. गिरणीवालीनं दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. यादी चांगली लांब झाली. पण ज्या बाईला दारात उभं करून परत पाठवलं, तिनं दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं यायचं?

अंगण मी बांधलं होतं. वाकडं.

संध्याकाळी भाचीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सहा तारखेपासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती कांदा चिरत होती, मान वर केली नाही. "तू बोलू दिलं असतंस?"

"माझी नाचक्की टाळत होतीस?"

"हो. आणि तिची होऊ दिली. मलाही काही झोप लागलेली नाही, मावशी."

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांना पत्र. पहिला मसुदा: 'अनुवादात किंचित संदिग्धता राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे.' फाडला. कुणाच्या निदर्शनास? किंचित म्हणजे किती? पतंगाएवढी?

दुसरा: 'मूळ इंग्रजीतील त्रुटींमुळे'. फाडला. मूळ इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. माझ्या पहिल्या मसुद्यातही होते. भाची हसली म्हणून रागानं मीच ते एक केले.

दुपारपर्यंत टोपली भरली. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शासकीय भाषेत गुंडाळून दिल्या, किती मऊ गुंडाळता येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. शेवटी लिहिलं:

'दोन वेगळ्या दांड्यांना मी एकच शब्द दिला. चालकानं त्याबद्दल मला आधी विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. तिनं पुस्तिकेत होतं तसंच केलं. माझा सात तारखेचा अहवाल खोटा आहे, तो रद्द करावा. अपात्र मी आहे.'

सोबत तिच्या पुस्तिकेचं ते पान जोडलं. टपालपेटीत टाकताना हात आत गेला तो लवकर बाहेर येईना.

तिथून तशीच वरच्या आळीत गेले. गिरणी बंद, ती दारात बसून छिन्नीनं जात्याला टाकी लावत होती. हातजात्याला! मी उभीच राहिले, तिनं बसा म्हटलं नाही. माझंच उधार फिटलं. पत्राची नक्कल वाचून दाखवली. तिनं टाकी थांबवली नाही.

"मग सात नंबरला काय म्हणायचं होतं?"

"हिरवा."

"मला पण आधी हिरवाच वाटला होता," ती म्हणाली. "पण मग म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, उगाच ताबडतोब लिहायच्या नाहीत."

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

बसल्या बसल्या नवी पुस्तिका करते आहे. एकेक कलम तिला वाचून दाखवायचं, ती मान डोलावेल तेव्हाच पुढे जायचं. तिच्याच गिरणीत, पोत्यावर बसून. आज तीनच झाली. प्रत्येक शब्दाला "म्हणजे काय?" विचारते. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

"अहो, 'दाब' म्हणजे दाब!"

"कशावर?"

कशावर ते लिहिलंच नव्हतं.

शाळेत तोंडातून मराठी शब्द निघाला की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. त्या पाटीचा सूड म्हणून मी मराठी शिकले, पण शिकले ती कोशातून. गच्चीवर कधी गेलेच नाही. 'ढील' कोशात आहे का ते आज पाहिलं. आहे. सगळ्या अर्थांसकट आहे. म्हणजे तीही सबब गेली.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांचं उत्तर. 'तत्त्वतः आपला प्रामाणिकपणा स्तुत्य आहे.' लेखातसुद्धा तत्त्वतः! पुन्हा एक चाचणी देतात, अठ्ठावीसला. जुना अहवाल बाजूला ठेवला आहे. राखीव पतंग लहान आहे, तोच शेवटचा. तोही गेला तर यंत्र निघालं. आणि अट: भाषांतरकारानं जागेवर हजर राहावं, पण बोलू नये.

भाचीनं हे वाक्य दोनदा वाचलं. "न बोलता? तू? मावशी, आपण हरलो."

२८ मार्च, शुक्रवार

रंगाऱ्यानं नवी अक्षरं काढली आहेत. हिरव्याला 'ओढा' आणि 'ढील'. लालला 'तोडा'. या वेळी मीच त्याला विचारलं, काही खटकतंय का? आधी घाबरला. मग म्हणाला, "'तोडा' जरा मोठं काढू का? दुरून दिसेल." काढ म्हटलं.

राखीव पतंग अकराला वर गेला. साहेब छत्रीत, भाची वीस पावलांवर, मी तीस. साडेअकराला कडेकडून तोच वारा आला. भोंगा वाजला. दोर ताणला गेला. गिरणीवालीनं पुस्तिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. हिरवा दांडा, हळूहळू, पीठ चोळावं तसा. रीळ घूंघूं करत धावलं, पतंग उंच उंच सरकत गेला आणि ताण उतरला. मग तिनं थोडं ओढलं, पुन्हा ढील दिली, पुन्हा ओढलं. जोर उतरेपर्यंत. भाची नंतर म्हणाली, "मावशी, पूर्ण वेळ माझा दंड धरून ठेवला होतास, वळ उठलेत." तीस पावलांवरून वीसवर कधी आले, आठवत नाही.

यंत्र राहणार. नोकरी तिचीच. साहेब म्हणाले, तत्त्वतः सोमवारपासून. ती म्हणाली, "सोमवारी दळण आहे. मंगळवारपासून."

शेवटी मंडळाचा छापील कागद भरायचा होता. चालकाचा अभिप्राय. प्रश्न पाचवा: 'पुस्तिकेतील भाषा सुबोध आहे काय?' गिरणीवालीनं माझंच पेन मागून घेतलं, प्रश्न बोट ठेवून वाचला, आणि एकेक अक्षर सुटं सुटं काढत लिहिलं:

'आता आहे'

कागद आणि पेन माझ्या हातात दिलं, साहेबांकडे पोचवायला. पूर्णविराम दिला नव्हता. मी पेनचं टोपण काढलं.

मग परत लावलं, आणि कागद तसाच दिला.